सगळे टायमर एकदम रिसेट करण्याबद्दल

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. मशीन चालवणाऱ्या पीएलसीच्या (औद्योगिक कंट्रोलरच्या) प्रोग्रॅममध्ये चाळीसएक टायमर आहेत, ऑपरेटरने रिसेट दाबलं की सगळे शून्यावर यायला हवेत; मग रिसेटच्या चाळीस ओळी लिहायच्या की एका फटक्यात सगळं पुसायची काही युक्ती आहे, असं विचारलं आहेस. माझं मत विचारशील तर दोन्ही नको. बहुतेक टायमरना रिसेटची सूचना लागतच नाही.

साधा टॉन घे, म्हणजे अट खरी झाल्यापासून वेळ मोजणारा टायमर. लॅडरमध्ये (शिडीसारख्या ओळींच्या प्रोग्रॅममध्ये) त्याच्या ओळीतली अट तुटली, म्हणजे खोटी झाली, की तो आपला आपण शून्यावर येतो. म्हणून एकच बिट (चालू-बंद होणारी खूण) ठेव, त्याला ‘टायमर रिसेट’ असं सरळ नाव दे आणि त्याचा एनसी कॉन्टॅक्ट (बिट चालू झालं की ओळ तोडणारा) प्रत्येक टॉनच्या ओळीत टाक. ते बिट पूर्ण एक स्कॅन, म्हणजे प्रोग्रॅमची एक फेरी, चालू राहिलं तरी काम होतं. फक्त कुठला टायमर जंपमुळे किंवा न बोलावलेल्या सबरूटीनमुळे त्या स्कॅनमध्ये वगळला जात असेल, तर त्याला या रिसेटचा पत्ताच लागत नाही. तेवढं तपास.

ॲलन-ब्रॅडली कंपनीच्या पीएलसीतला आरटीओ (वेळ साठवणारा टायमर) मात्र वेगळा. ओळ तुटली, वीज गेली, तरी तो साठवलेला वेळ सोडत नाही. त्याला रेस (रिसेट) सूचना द्यावीच लागते. पण देण्याआधी तो आरटीओ तिथे का ठेवला आहे ते बघ. मोटर किती वेळ चालली हे मोजून ग्रीसिंगची आठवण देणारा आरटीओ ऑपरेटरच्या बटणाने पुसला गेला, तर ग्रीसिंगची वेळ कधी येणारच नाही. म्हणूनच सरसकट पुसण्याला माझा विरोध आहे.

आता एफएलएलबद्दल, म्हणजे अख्ख्या फाइलमध्ये एकच किंमत भरणाऱ्या सूचनेबद्दल, कारण ती युक्ती तुला कोणीतरी सांगणारच. ॲलन-ब्रॅडलीच्याच एसएलसी ५०० मध्ये एक टायमर म्हणजे मेमरीतले तीन वर्ड (कप्पे): पहिल्यात स्टेटस बिटं, दुसऱ्यात प्रीसेट (ठरवलेला वेळ), तिसऱ्यात आतापर्यंत मोजलेला वेळ ठेवणारा अ‍ॅक्युम्युलेटर. टायमर फाइलवर शून्य भरलंस की प्रीसेटसुद्धा शून्य होतो. पुढच्या वेळी ओळ खरी झाली रे झाली की डन बिट (वेळ पूर्ण झाल्याची खूण) लागतं आणि जो व्हॉल्व्ह पाच सेकंदांनी उघडायचा तो लगेच उघडतो. ॲलन-ब्रॅडलीच्याच कंट्रोललॉजिक्समध्ये टायमरचा अ‍ॅरे करून लूपमध्ये एकेकाला रेस देता येतं, ते ठीक आहे. पण नुसता अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये शून्य टाकून थांबू नकोस. डन बिट आधीच लागलेलं असेल तर ते त्याने उतरेलच असं धरून चालू नये.

मित्सुबिशीच्या एफएक्स पीएलसीवर असतास तर झेडआरएसटी या सूचनेने टी० ते टी३९ एका ओळीत साफ झाले असते आणि वेळेच्या सेटिंगला धक्काही लागला नसता, कारण तिथे ठरवलेल्या वेळेची ती के-किंमत टायमर चालवणाऱ्या आउट सूचनेतच लिहिलेली असते. सीमेन्सच्या एस७-१२०० मध्ये टीओएनआर या वेळ साठवणाऱ्या टायमरला आर म्हणजे रिसेट इनपुट असतो, तिथे तेच एक रिसेट बिट जोडायचं.

टॉफला, म्हणजे ओळ तुटल्यावर ठरलेल्या वेळाने बंद होणाऱ्या टायमरला, रेस कधीच देऊ नकोस. ओळ खरी असताना टॉफचं डन बिट चालू असतं, आणि रेस ते उतरवतं. म्हणजे पंखा चालू राहायला हवा त्याच क्षणी तो बंद होऊ शकतो.

खरं तर तुझा प्रोग्रॅम वाचून माझ्या मनात वेगळाच प्रश्न आला. चाळीस टायमर हवेतच कशाला? तुझी मशीन टप्प्याटप्प्याने चालते आणि एका वेळी एकच टप्पा चालू असतो. मग सगळ्या टप्प्यांना मिळून एकच टायमर ठेव आणि टप्पा बदलला की त्याच्या प्रीसेटमध्ये नव्या टप्प्याचा वेळ मूव्ह कर.

यात एक सापळा आहे. समज, टप्पा १० मध्ये डन बिट लागलं आणि त्या ओळीने टप्पा २० केला. लगेच खालच्या ओळीत लिहिलं आहे, ‘टप्पा २० आणि डन असेल तर ३०’. डन बिट अजून उतरलेलंच नाही, कारण टायमरची ओळ या स्कॅनमध्ये पुन्हा आलेली नाही. एकाच स्कॅनमध्ये मशीन २० ओलांडून ३० वर जाते, आणि स्क्रीनवर २० दिसतसुद्धा नाही. म्हणून बदललेला टप्पा थेट न लिहिता ‘पुढचा टप्पा’ नावाच्या रजिस्टरमध्ये ठेव. सगळ्या ओळींच्या शेवटी चालू टप्पा आणि पुढचा टप्पा वेगळे आहेत का ते बघ. वेगळे असतील तर टायमरला रेस दे, नवा प्रीसेट भर आणि मगच टप्पा बदल.

असं केलंस तर रात्रपाळीत लॅपटॉप लावून बसलेल्या मेंटेनन्सवाल्याला एकच टायमर आणि टप्प्याचा एकच आकडा बघावा लागेल. मला त्याची फार काळजी वाटते. किती ओळी कमी लिहाव्या लागल्या यापेक्षा त्याला कारण किती लवकर सापडतं, हे मी आधी बघतो.

तुझ्याकडचे आरटीओ आणि टॉफ कुठे कशासाठी वापरले आहेत, तेवढं लिहून पाठव. कुठले रिसेटबाहेर ठेवायचे ते आपण बसून ठरवू.

तुझा,
अनिल