पार्किंगमधली रोजची पुसणी बंद करून आठवडी धुलाई सुरू करण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व व्यवस्थापन समिती सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था, इंदिरानगर, नाशिक

विषय : सर्वसाधारण सभेपुढील ‘गाड्या पुसण्याचा ठेका’ या ठरावाबाबत

माननीय अध्यक्ष साहेब,
सप्रेम नमस्कार.

येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर दोन गोष्टी एकाच ठरावात घातल्या आहेत : पाइप लावून गाडी धुण्यास मनाई, आणि त्याऐवजी सगळ्या गाड्या रोज सकाळी पुसून देण्याचा ठेका. पाइपबंदीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. अर्ध्या इंची पाइपातून मिनिटाला १२ ते १५ लिटर पाणी सहज जाते. दहा मिनिटे पाइप चालू राहिला की टाकीतले सव्वाशे-दीडशे लिटर पाणी एका गाडीवर संपले. पण रोजच्या पुसणीचा ठेका मात्र देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यात पाणी वाचेल आणि गाड्यांचा रंग जाईल.

गाडीच्या पत्र्यावर आधी प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. कंपनीतून येणारा हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही बारीक. जी चमक आपण पाहतो ती या थराची, आणि खालच्या रंगाला उन्हापासून वाचवतो तोही हाच. सध्या २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांमुळे शहरात जागोजागी खोदकाम चालू आहे. त्या धुळीत वाळूचे कण असतात, सिमेंट असते. वाळूचा कण क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. हिवाळ्यात पहाटे दव पडून ही धूळ पत्र्याला चिकटते आणि सातच्या सुमाराला त्यावरून फडके फिरते. तिसऱ्या गाडीपर्यंत बादलीतले पाणी मातकट झालेले असते. पुढच्या प्रत्येक गाडीवर आधीच्या गाड्यांची माती घासली जाते.

याचा पुरावा पार्किंगमध्येच आहे. कुठलीही काळी किंवा गडद निळी गाडी उन्हात उभी असताना बॉनेटवर सूर्याचे प्रतिबिंब पाहावे. त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल-गोल रेषांची नक्षी दिसते. ओरखडे खरे तर सरळच असतात आणि सगळ्या दिशांना गेलेले असतात. त्यातले जे प्रकाशाला आडवे पडतात तेवढेच चमकतात, म्हणून गोल भासतात. पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांवरही ते तितकेच असतात, फक्त दिसत नाहीत. ‘माझ्या गाडीला काही झालं नाही’ असे सभेत म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या गाड्या पांढऱ्या निघतील.

यात पुसणाऱ्या मुलांचा दोष नाही. तासाभरात २०-२५ गाड्या उरकायच्या म्हटल्यावर एक बादली आणि एक फडके यापलीकडे कोणी काही करू शकणार नाही. म्हणून माझे म्हणणे असे, की त्यांचा महिन्याचा मेहनताना आहे तोच ठेवावा आणि काम बदलावे. रोज फक्त काचा आणि आरसे वेगळ्या स्वच्छ कपड्याने पुसायचे, पत्र्याला हात लावायचा नाही. आठवड्यातून एकदा प्रत्येक गाडी नीट धुवायची. वारानुसार गाड्या वाटून दिल्या तर रोज चार-पाच गाड्या होतात.

नीट धुवायची म्हणजे कशी, हे ठरावातच लिहिलेले बरे. गाडी सावलीत हवी आणि बॉनेट थंड हवे. हाताची मागची बाजू टेकवली आणि चटका बसला तर थांबायचे, कारण गरम पत्र्यावर शाम्पू आणि पाणी दोन्ही वाळून डाग पडतात. चाके आधी, आणि त्यांची बादली व ब्रश वेगळे. ब्रेकची काळी भुकटी म्हणजे बारीक लोखंड असते, ते फडके दारावर फिरायला नको. मग वरून खाली साध्या पाण्याचा हलका फवारा मारून सुटी धूळ उतरवायची. ही पायरी वगळली तर पुढचे सगळे व्यर्थ आहे. शेतात फवारणीला वापरतात तो हाताने दाब द्यायचा छोटा पंप यासाठी उत्तम; आठ-दहा लिटरमध्ये काम होते.

त्यानंतर दोन बादल्या. एकीत दहा लिटर पाणी आणि बाटलीवर दिलेल्या मापाने कार शाम्पू, दुसरीत दहा लिटर साधे पाणी. दोन्हींच्या तळाशी प्लास्टिकची जाळी, म्हणजे खाली बसलेली माती पुन्हा वर येत नाही. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, मोजा साध्या पाण्यात जाळीवर चोळून पिळायचा आणि मगच पुन्हा शाम्पूत घालायचा. क्रम छत, काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा भाग आणि सगळ्यात शेवटी दारांचा खालचा भाग व बंपर, कारण सगळ्यात जास्त खडी-माती तिथे उडालेली असते. हात सरळ रेषेत चालवायचा, गोल नाही, आणि दाब द्यायचा नाही. शेवटी साध्या पाण्याने शाम्पू उतरवायचा आणि जाड मायक्रोफायबर टॉवेल पत्र्यावर पसरून अलगद ओढून घ्यायचा. घासून कोरडे करायचे नाही. चाके धरून सगळे मिळून ६० लिटरच्या आत बसते.

ज्या आठवड्यात टँकरवर दिवस काढायचे आहेत, त्यात रिन्सलेस वॉश वापरता येतो. आठ लिटर पाण्यात साधारण ३० मिली द्रावण पुरते, आणि नंतर पाणी ओतावे लागत नाही. मात्र चार-सहा टॉवेल लागतात. प्रत्येक भागाला टॉवेलची कोरी घडी. चिखलाने माखलेल्या गाडीला ही पद्धत वापरू नये.

भांड्यांचा साबण आणि कपड्यांची पावडर बंद. पावडर क्षारयुक्त असते, ती मेण धुऊन काढते आणि काळे प्लास्टिक व रबर पांढुरके करते. चमक यावी म्हणून बादलीत झाकणभर रॉकेल किंवा डिझेल टाकण्याची जी पद्धत आहे, ती तर आजच थांबवावी. त्याने तेलकट पातळ थर राहतो, दिवसभराची धूळ त्यालाच चिकटते आणि दारांची रबरे फुगतात. टॉवेलही जपावे लागतात : सुती कपड्यांबरोबर धुवायचे नाहीत, कम्फर्टसारखे सॉफ्टनर घालायचे नाही, आणि एकदा जमिनीवर पडलेला टॉवेल पुन्हा पत्र्याला लावायचा नाही, तो चाकांसाठी.

आता पाण्याविषयी, कारण इथे समितीच्या हातात बरेच आहे. आपल्याकडे दोन टाक्या आहेत : एकीत महापालिकेचे पाणी, दुसरीत बोअरचे. गाड्यांसाठी बोअरचे वापरायचे असे ठरावात आहे. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. थेंब वाळला की पाणी उडते आणि क्षाराचे पांढरे कडे मागे राहते; उन्हात ते तसेच तापत राहिले की क्लिअर कोटमध्ये उतरते आणि मग पॉलिशशिवाय जात नाही. ताजे डाग असतील तर स्वयंपाकाचे पांढरे व्हिनेगर आणि तितकेच शुद्ध पाणी मिसळून कापड भिजवावे, थंड पत्र्यावर एक-दोन मिनिटे ठेवावे आणि लगेच भरपूर पाण्याने धुवावे. सिमेंटचे शिंतोडे वाळले असतील तर त्यांनाही हेच दोन-तीन वेळा करावे, नखाने खरवडू नये.

म्हणून धुवायला बोअरचे पाणी चालेल, पण शेवटचे पाणी महापालिकेचे हवे. गाडीमागे दहा-पंधरा लिटरच लागते. घरोघरच्या आरओचे वाया जाणारे पाणी गाड्यांना वापरावे ही सूचना सद्‌हेतूची आहे, पण त्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, कारण पडद्याने अडवलेले सगळे त्यातच येते. ते जिने आणि फरशी पुसायला ठेवावे. याउलट एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी आणि पावसाळ्यात गच्चीवरून येणारे पाणी जवळजवळ क्षारमुक्त असते. ते एका झाकणाच्या पिंपात साठवले तर शेवटच्या हातासाठी त्यापेक्षा चांगले पाणी नाही.

आणखी एक, आणि हे गाड्यांपेक्षा महत्त्वाचे. मागच्या गेटजवळ जिथे पाइप लावून गाड्या धुतात, तिथला उतार पावसाचे पाणी जिरवण्याच्या खड्ड्याकडे आहे. साबणाचे, ब्रेकच्या भुकटीचे आणि ऑइलचे पाणी त्याच खड्ड्यातून बोअरकडे जाते. धुण्याची जागा तिथून हलवून ड्रेनेजच्या चेंबरजवळ करावी आणि जाळीचे झाकण बसवावे.

पॉलिशबद्दलही सभेत विचारणा होईल, कारण ठेकेदाराच्या पत्रकात ‘महिन्यातून एकदा पॉलिश मोफत’ असे लिहिले आहे. पॉलिश आणि मेण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुकानात दोन्हींना पॉलिशच म्हणत असले तरी. पॉलिश क्लिअर कोट घासून पातळ करते, मेण त्यावर थर चढवते. एका हलक्या पॉलिशला एक-दोन मायक्रॉन जातात, जाड कंपाउंडला, म्हणजे जास्त खरखरीत पॉलिशला, त्याहून जास्त. चाळीस-पन्नास मायक्रॉनच्या शिलकीतून दर महिन्याला असा खर्च करायला लागलो तर काही वर्षांत छतावर आणि बॉनेटवर पांढरे चट्टे पडून थर सुटू लागेल, आणि त्यावर पुन्हा रंग मारण्यावाचून उपाय नसतो. शिवाय मोफत पॉलिशला गोल फिरणारे जड मशीन नवख्या हातात असते. ते दाराच्या कडेवर क्षणभर जास्त थांबले की रंग जळतो.

ज्यांना ओरखडे काढायचेच आहेत त्यांनी वर्षातून फार तर एकदा, ड्युअल ॲक्शन मशीनने (ज्याचे पॅड फिरता फिरता झुलतेही, त्यामुळे रंग कमी तापतो) काढावेत. आधी गाडी धुवावी, मग पातळ पॉलिथिनची पिशवी हातात घालून पत्र्यावर हात फिरवावा. खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी, शाम्पूच्या पाण्यावर सरकवून ती काढावी. खाली पडलेला क्ले फेकून द्यावा. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांच्या पांढऱ्या गाड्यांवर नारिंगी ठिपके दिसतात, ते ग्राइंडिंगमधून उडालेले लोखंडाचे कण गंजल्याने. त्यांना आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण विरघळवणारे द्रावण) मारला की जांभळा रंग सुटतो. तीन-चार मिनिटांत, वाळायच्या आत धुवायचे. पॉलिश करताना दोन बाय दोन फुटांचा भाग घ्यावा, पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब, हात सावकाश, आधी आडवे मग उभे. कडांना आणि रबरांना मास्किंग टेप. सुरुवात सर्वांत सौम्य पॉलिशने एका कोपऱ्यात करून पाहावी. तेवढ्याने भागले तर जाड कंपाउंडला हात लावू नये. नखाला लागणारा ओरखडा पॉलिशने जात नाही, तो मागे लागून काढू नये.

मेण मात्र कोणीही हाताने लावू शकतो. अगदी पातळ थर, दहा-पंधरा मिनिटांत धुरकट झाला की स्वच्छ टॉवेलने पुसायचा. कार्नोबा मेण आपल्या उन्हात दीड-दोन महिने टिकते, सिंथेटिक सीलंट चार-सहा महिने. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर लावल्यावर कडक होणारा द्रवाचा थर, जास्त टिकते आणि धुणे सोपे करते, पण त्याने ओरखडे थांबत नाहीत, ‘नाइन एच’ असे डब्यावर लिहिले असले तरी. तो आकडा पेन्सिलच्या कठीणपणाच्या मापातला आहे. मेणाचा हात दसऱ्याच्या आधी जरूर द्यावा. पूजेला बॉनेटवर हळद-कुंकू लागते, झेंडू ठेवतात. पांढऱ्या रंगावर हळद दोन दिवस राहिली की पिवळी झाक जाता जात नाही. त्याच संध्याकाळी ओल्या कापडाने टिपून घ्यावी आणि हार तारेने न बांधता दोऱ्याने बांधावा. रंगपंचमीलाही तसेच : कोरडा रंग पुसू नये, आधी पाण्याने उतरवावा.

कबुतरांच्या विष्ठेत आम्ल असते, उन्हात काही तासांत ती रंगावर खूण करते. ओले कापड पाच मिनिटे वर ठेवून मऊ झाल्यावर उचलावी. पण मूळ उपाय समितीकडे आहे : बी विंगखालच्या पाइपांवर जाळी लावावी. उघड्यावर उभ्या गाड्यांना धूळ असतानाच कव्हर घालण्याची सवयही नोटिशीतून मोडावी; वाऱ्याने कव्हर हलते आणि मधली धूळ रंग घासते. गच्ची किंवा बाहेरच्या भिंतींचे रंगकाम निघेल तेव्हा दोन दिवस आधी सूचना मिळाली तर गाड्यांवर उडणारे शिंतोडे टळतील.

मशीनला लागणाऱ्या विजेचा प्रश्न निघेल म्हणून लिहितो : ७०० वॉटचे मशीन चार तास चालले तरी तीन युनिटच्या आत बसते. कॉमन मीटरवर वापरणाऱ्याकडून समितीने ठरावीक रक्कम घ्यावी.

ठराव मतदानाला टाकण्यापूर्वी दोन्ही टाक्यांच्या पाण्याचा टीडीएस मोजून आकडे नोटीस बोर्डावर लावावेत. टीडीएस मीटरवर एकूण क्षार कळतात, पाण्याचा कठीणपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे प्रमाण, वेगळा तपासावा लागतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आणि कठीणपणाची २०० मिलिग्रॅम आहे, ती तुलनेला घ्यावी. मीटर माझ्याकडे आहे, सचिवांनी कधीही न्यावा.

कळावे,
आपला विश्वासू,
एक सभासद, बी विंग