आमच्या गाडीचा हीटर नीट करणाऱ्या श्रीनगरच्या उस्तादांना, विट्याच्या एका सुनेकडून

उस्ताद, रामराम आणि सलाम.

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, हे मला माहीत आहे. पण बटमालूपासून लाल चौकापर्यंत आमची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी, मंडळी आहेत, त्यांच्यातलं कुणीतरी वाचून दाखवेल. त्यांनीही हे वाचावं म्हणूनच मराठीत लिहितेय. गावाकडून जुनी गाडी घेऊन श्रीनगरला येणारी मी काही एकटी नाही.

आज सासूबाईंना दवाखान्यात नेऊन आणलं. अर्ध्या वाटेत त्यांनी पायमोजे काढले. चिल्लई कलान, म्हणजे इथल्या कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, चालू आहे, सकाळी नळाला पाणी नाही, बादलीत बर्फाची चकती, आणि आमच्या सासूबाई गाडीत म्हणतात, ‘‘गं, पाय भाजाया लागलं, जरा कमी कर की.’’ मला एकदम भरूनच आलं. गाडी बाजूला घ्यावी की काय असं झालं होतं.

गाडी सेकंड हँड, एमएच १० म्हणजे सांगली पासिंगची. विट्यात जुनी गाडी घेताना लोक एसी लावून बघतात. हीटरचं बटण कुठे आहे हेसुद्धा कुणी विचारत नाही. दिरांनी ती जम्मूमार्गे चालवत आणली तेव्हा थंडी नव्हती. डिसेंबर उजाडला आणि कळलं की हीटर फुल केला तरी हवा कोमटच येते. कोमट म्हणजे चहा विसरून तासाभराने प्यावा तशी. पुढची काच आतून धुरकट व्हायची, मी एका हाताने फडकं मारत गाडी चालवायची, आणि मागे सासूबाई गुडघे पोटाशी घेऊन बसायच्या.

ज्यांच्याकडे आधी गेलो त्यांची नावं घेत नाही, पण बोलल्याशिवाय राहवतही नाही. एकाने नुसता पंखा चालू करून बघितला आणि म्हणाला, ‘‘हवा येतेय ना? मग?’’ दुसऱ्याने बॉनेट न उघडताच सांगितलं की हीटर कोर (इंजिनच्या गरम पाण्याने हवा तापवणारी डॅशबोर्डमागची जाळी) गेलाय, सगळा डॅशबोर्ड खोलावा लागेल, आणि जो आकडा सांगितला तो ऐकून ह्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. एक जण तर हसून म्हणाला, हीटर कशाला, कांगडी घेऊन बसा. बंद गाडीत निखाऱ्याची कांगडी! सल्ला देताना माणसाने समोर म्हातारं माणूस बसलंय एवढं तरी बघावं. आणि हे सगळे बोलायचे ते ह्यांच्याशी. गाडी मी चालवते. ह्यांचा सगळा दिवस भट्टीपाशी जातो, गाडीची चाल त्यांना काय माहीत?

त्यातल्या त्यात एकाने रेडिएटरपुढे, म्हणजे इंजिनचं पाणी थंड करणाऱ्या जाळीपुढे, पुठ्ठा लावायला सांगितला. त्याने थोडा फरक पडला. पण का पडला, हे ना त्याने विचारलं ना सांगितलं.

तुम्ही बॉनेट उघडलंत, तो पुठ्ठा बघितलात आणि मिशीत हसलात. मग माझ्याकडे वळलात आणि विचारलंत, ‘‘बहनजी, गाड़ी आप चलाती हैं? चलते में ज़्यादा ठंडा होता है, या खड़ी गाड़ी में?’’

चालताना! सिग्नलला थांबलं की जरा ऊब यायची आणि बायपासला वेग घेतला की हवा गार पडायची. इंजिनच्या तापमानाचा काटाही खाली यायचा. हे मी प्रत्येक गॅरेजात सांगायला बघत होते, पण ऐकून घेणारं कुणी नव्हतं. पाणी कमी असतं किंवा पंप कमजोर असता तर उलटं झालं असतं, थांबल्यावर गार आणि पळताना गरम, हे तुम्ही मला नंतर समजावलंत. म्हणजे माझ्या एका उत्तराने तुमचं निम्मं काम झालं होतं.

आणि मग ती गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र लिहायला बसले. इंजिनकडून हीटरकडे जाणाऱ्या दोन रबरी नळ्या तुम्ही हाताने चाचपल्यात. तेवढ्यावर निदान सांगून मोकळे होऊ शकला असता. पण तुम्ही फिरनच्या, म्हणजे तुमच्या त्या लांब सैल झग्याच्या, आतून स्वच्छ फडकं काढलंत (कळकट फडकं तर खांद्यावरच होतं), दोन्ही नळ्या पुसल्यात, पंख्यापासून हात लांब ठेवायला सांगितलंत आणि म्हणालात, ‘‘अब आप देखिए.’’ मी हात लावला. दोन्ही सारख्याच कोमट. एक गरम आणि एक गार असती तर कोर तुंबलाय असं म्हणता आलं असतं. इथे पाणी व्यवस्थित फिरत होतं, पण मुळात तेच तापत नव्हतं. डॅशबोर्ड खोलायची गरज नाही, हे मला माझ्याच तळहाताला कळलं. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायची वेळच तुम्ही माझ्यावर आणली नाहीत.

मग थर्मोस्टॅटचं (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) झाकण खोललंत तर आत काहीच नव्हतं. रिकामं. गावाकडच्या कुठल्या तरी मिस्त्रीने मागच्या मालकाला ‘गाडी गरम होते ना, हा काढूनच टाकू’ म्हणून काढलेला असणार. आमच्याकडे मे महिन्यात ऊन चाळिशी गाठतं, तिकडे हा सर्रास चालणारा उपाय आहे. तो नसला की पाणी थंडीतही सतत रेडिएटरमधून फिरत राहतं आणि इंजिनला अंगात ऊब धरताच येत नाही. पुठ्ठ्याने फरक का पडला, तेही तेव्हाच कळलं. खालून जे पाणी काढलंत ते तांबडं, गंजाचं. त्यात कूलंट, म्हणजे पाणी गोठू न देणारं औषध, नावालाच होतं. पाणी गोठलं की फुगतं आणि इंजिनचा ब्लॉकच तडकतो, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आता निम्मं कूलंट, निम्मं पाणी आहे. उणे ३० झालं तरी काळजी नाही म्हणालात, श्रीनगर काही तिथवर जात नाही.

पैसे तुम्ही घेतलेत, रीतसर घेतलेत, आणि मला त्याचंही बरं वाटलं. थर्मोस्टॅटचं रिकामं खोकं आणि बिल हातात दिलंत. आधीच्यांबद्दल मी चार वाईट शब्द बोलले तर तुम्ही फक्त ‘‘सबके पास वक़्त नहीं होता’’ एवढंच म्हणालात. माझं तुमच्याइतकं मोठं मन नाही, म्हणून मी वर लिहून टाकलं आहे.

परमुलखात राहिलं की माणसाला एक सवय लागते. दुकानात, दवाखान्यात, गॅरेजात जाताना मनात आधीच धरून चालायचं की आपल्याला फसवणार. आमच्या घरात दोन पिढ्या ही सवय आहे, आणि तिचा उपयोगही झालाय. पण तिचं ओझंही फार होतं हो. चांगुलपणा म्हणजे फुकटात काम करणं नव्हे, कर्णासारखं कवचकुंडलं काढून देणं तर नव्हेच. समोरच्याला अडाणी न समजता, त्याला दिसेल असं काम करणं, एवढ्यानेही ते ओझं उतरतं. बाजारातला सोन्याचा माणूस समोर कस लावून दाखवतो तेव्हा गिऱ्हाईक का निवांत होतं, हे आम्हा गलाईवाल्यांना वेगळं सांगायला नको.

सासूबाईंनी तुम्हाला आशीर्वाद सांगितलेत. गावाहून शेंगदाण्याची चटणी आली की डबा पोचवायचा हुकूमही झालाय. तिखट असते, आधीच सांगून ठेवते.

जाताना तुम्ही बजावलं होतंत की उन्हाळ्यात गाडी गरम झाली तर पंखा बघा, रेडिएटर बघा, पण हा थर्मोस्टॅट कुणाला काढू देऊ नका. मे महिन्यात गाडी घेऊन विट्याला जातोय. तिथला मिस्त्री पान्हा घेऊन पुढे आला आणि वाद घालायला लागला, तर मी तुम्हाला फोन लावून त्याच्या हातात देणार आहे. तेवढा उचला.

आपली,
एमएच १० वाली बहनजी