सईच्या इंटर्नशिपविषयी, आई-बाबांना

मुलुंड पूर्व,
३ जून २०२५

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर तुम्ही दोघंही एकदम बोलत होतात, त्यात दादाही मध्येच शिरला, म्हणून नीट काही सांगता आलं नाही. आता शांतपणे लिहिते. सई जुलैपासून सहा महिने फोर्टमधल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात इंटर्नशिप करणार आणि माझ्याकडे राहणार, हे ठरलं आहे. आईला मुंबईची काळजी वाटते, आणि बाबांना वाटतं की पोरीला फुकटात राबवून घेतील.

बाबा, आधी पैशाचं बोलू. बी.आर्क.च्या पाच वर्षांत एक सत्र ऑफिसात प्रत्यक्ष काम करावंच लागतं. तो तिच्या शिक्षणाचाच भाग आहे, नोकरी नव्हे. जे मानधन मिळेल त्यात लोकलचा पास आणि दुपारचं जेवण भागेल, तेवढं पुरे. तुम्ही पेपरात वाचलेली राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना वेगळी आहे. २०२४ साली ती आली तेव्हा बारावीवाल्यांना महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकावाल्यांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० असं विद्यावेतन ठरलं होतं. पण ती शिक्षण संपवून बसलेल्या मुलांसाठी आहे, सईचं अजून चालू आहे. तेव्हा तो फॉर्म आणून ठेवू नका.

'तुझ्याच ऑफिसात का नाही घेतलंस?' असं आईनं विचारलं. मी मुद्दामच नाही घेतलं. माझ्याकडे ती सगळ्यांची लाडकी भाची झाली असती. तिच्या ड्रॉइंगवर लाल पेन चालवायला कुणी धजावलं नसतं, आणि त्याशिवाय हे काम येत नाही. शिवाय त्या ऑफिसात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम चालतं, जे आमच्याकडे फारसं नाही. मुंबईत शिकायचं तर तेच शिकावं असं मला मनापासून वाटतं. शहर भागात हजारो उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी वेगळा कर भरणाऱ्या, जुन्या इमारती अजून उभ्या आहेत, त्यांतल्या कितीतरी १९४०च्या आधी बांधलेल्या, म्हणजे 'अ' वर्गातल्या. दरवर्षी पावसाळ्याआधी म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी काढते. त्या यादीतल्या एखाद्या घरात पाय ठेवल्यावर जे कळतं ते कॉलेजच्या वर्गात कळत नाही.

आता खरं म्हणजे मला तुमच्याशी बोलायचंय ते याबद्दल, बाबा. एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये तुमच्या हाताखाली आयटीआयची अप्रेंटिस पोरं यायची. तुम्ही त्यांना आज इथे, उद्या तिथे फिरवत नव्हतात. नुसत्या चॅसिसपासून ती गाडी रंगून, काचा लागून गेटबाहेर पडेपर्यंत पोराला त्याच गाडीवर ठेवायचात. एकदा तुम्ही मला आत नेलं होतं. एक मुलगा खिडकीच्या पट्ट्यांना रिबिटं मारत होता, आणि तुम्ही त्याला विचारलंत, 'या पट्टीखाली काय आहे?' त्यानं खालचा सांगाडा, आडवे दांडे, कुठला जोड कुणी वेल्ड केला, सगळं घडाघडा सांगितलं. कारण ते त्यानं झाकण्याआधी पाहिलं होतं.

सईनं फोर्टच्या ऑफिसात नेमकं हेच मिळवावं अशी माझी इच्छा आहे. इंटर्नला ऑफिसात तुकडे मिळतात. आज एका प्रोजेक्टच्या दारं-खिडक्यांचा तक्ता, उद्या दुसऱ्याच्या संडास-बाथरूमचं ड्रॉइंग, परवा तिसऱ्याचं प्रेझेंटेशन. सहा महिन्यांनी प्रमाणपत्र हातात येतं, पण कशाचाच आगापीछा कळलेला नसतो. म्हणून तिनं पहिल्या पंधरवड्यात आजूबाजूला बघावं आणि मग सरळ जाऊन मागावं, 'बाकी काय द्याल ते करीन, पण हे एक काम मला पहिल्यापासून शेवटपर्यंत बघू द्या.' अख्खी इमारत सहा महिन्यांत होत नाही, पुनर्विकासाला तर वर्षानुवर्षं जातात. पण एखाद्या चाळीच्या गॅलरीची दुरुस्ती होऊ शकते. तिचा काळही अगदी जुळून आलाय. भिंत कुठून पाणी पिते ते जुलैतल्या पावसातच डोळ्यांनी दिसतं, आणि पाऊस ओसरला की परांची बांधून काम सुरू होतं. रोग आणि औषध दोन्ही तिला एकाच सत्रात बघायला मिळतील.

पहिले काही दिवस तिला प्रिंट काढायला आणि ड्रॉइंगच्या घड्या घालायला बसवतील. ती फोनवर कुरकुरली तर तुम्ही लगेच हळहळू नका. मोठा कागद असा घडी घालायचा असतो की फाईलच्या आकाराचा होऊन नावाची चौकट वर यावी, आणि फाईलमधून न काढता उलगडता यावा. शंभर घड्या घालताना प्रत्येक चौकटीवरची तारीख, कितवी सुधारणा, कुणी काढलं, कुणी तपासलं हे वाचलं, तर ऑफिसात कुठलं काम कुठवर आलंय ते तिला कुणालाही न विचारता कळेल. न वाचता घातल्या, तर नुसते हात दुखतील.

मग मोजणी. हा भाग मला सगळ्यात प्रिय आहे, म्हणून जरा लांबण लावते. गिरगावातल्या जुन्या चाळीतली खोली मोजायची तर टेपचं एक टोक इंटर्नच्याच हातात येतं. समोरासमोरच्या भिंती सारख्या भरल्या म्हणून खोली काटकोनात आहे असं होत नाही, दोन्ही कर्ण मोजावे लागतात. ते जुळले नाहीत की समजायचं, खोली तिरकी आहे. दार, मग भिंत, मग खिडकी अशी सुटी सुटी मापं घेऊन बेरीज केली तर चुका साठत जातात. म्हणून एका कोपऱ्यात टेप धरून सलग मापं वाचायची. भिंतीची जाडी खिडकीपाशी मिळते. लाकडी तुळया मध्ये ठणठणीत दिसतात, पण भिंतीत शिरणारं टोक ओलीनं कुजलेलं असतं, तिथे हातोडीनं हलकेच ठोकून आवाज ऐकायचा. चुन्यात बांधलेल्या भिंतीला वरून सिमेंटचा गिलावा थापला की आतली ओल आतच कोंडते, हे सईनं पुस्तकात वाचलंय. तिथे ती हात लावून बघेल.

आणि आई, या कामात तुझी नात इतरांपेक्षा दोन पावलं पुढे असणार आहे. त्या घरांमधून आपल्यासारखीच माणसं राहतात. टेप घेऊन आलेल्या मुलीनं 'आजी, पाणी कुठून येतं हो?' असं मराठीत विचारलं की आजीबाई चहा टाकतात आणि कुठल्या साली वरच्यांनी मोरी फोडली, तेव्हापासून कसं गळतंय, ते सगळं सांगतात. कुठल्याही नकाशात ते सापडत नाही. सईला माणसांत बसायची सवय तू लावलीस.

विचारण्याबद्दल मी तिला एकच सांगितलंय. 'काय करू?' म्हणून रिकाम्या हातानं जायचं नाही. 'मी असं काढलंय, या जिन्यापाशी अडलेय' म्हणून कागद घेऊन जायचं. असं विचारणाऱ्याला कामात बुडालेला माणूसही पाच मिनिटं देतो. सुटायच्या आधी दहा मिनिटं टेबलावर बसूनच डायरी लिहायची, आज काय केलं आणि काय कळलं नाही. कॉलेजला सही केलेली लॉगबुक द्यावीच लागते, पण ही तिची स्वतःची. पहिला महिना संपला की साहेबांना विचारायचं, 'माझ्या ड्रॉइंगमध्ये काय कमी पडतं?' डिसेंबरात निघताना ते कळून काय उपयोग? आणि महापालिकेत फायली घेऊन जाणाऱ्या माणसाबरोबर एकदा तरी जायचं. बांधकाम सुरू करायच्या प्रारंभ प्रमाणपत्रापासून राहायला जायच्या भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत कागद कसा सरकतो, हे त्याच्याइतकं ऑफिसात फार थोड्यांना ठाऊक असतं. ऑफिसातली ड्रॉइंगं आपल्या पोर्टफोलिओत घालायची तर आधी परवानगी, हेही तिच्याकडून वदवून घेतलंय.

बाबा, राबवून घेण्याचं तुम्ही म्हणता ते अगदीच खोटं नाही. काही ठिकाणी मुलांना रोज रात्री उशिरापर्यंत बसवतात आणि शिकवत काहीच नाहीत. एखाद्या सबमिशनला उशीर झाला तर मी स्टेशनवर घ्यायला जाईन. रोजचंच झालं तर ती आधी साहेबांशी बोलेल, मग कॉलेजात इंटर्नशिप बघणाऱ्या बाईंशी. आईच्या मनात जी भीती आहे, पण जी ती बोलली नाही, तिच्याबद्दलही सांगते. कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा शिकाऊ मुलींनाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात अंतर्गत समिती असावीच लागते. सईला हे माहीत आहे, आणि समितीवर कोण आहे ते पहिल्याच आठवड्यात विचारून घे असंही मी तिला सांगितलंय.

आता तुमच्याकडे मागणं आहे. 'सांगतील तेवढं निमूट कर' असं तिला सांगू नका, ती तुमचा शब्द फार मानते. रोज संध्याकाळी फोन करून 'आज काय शिकलीस?' असंही नको, ती लोकलच्या गर्दीत असते. रविवारी सावकाश बोला. बाबा, निघण्याआधी तिला एक दुपार द्या. वर्कशॉपमध्ये नवीन पोराला पहिल्या दिवशी काय दाखवायचात, कोण पोरगं पुढे जाईल हे तुम्हाला कशावरून कळायचं, ते तिला सांगा. माझं ऐकून ती मान डोलावते, तुमचं ऐकून वहीत लिहून घेईल.

ती २९ तारखेला डेक्कन क्वीननं येईल, मी दादरला उतरवून घेईन. आई, लोणचं आणि मेतकूट पाठव, पण गादी-पांघरूण नको, इथे आहे. तिला पावसात न घसरणारे बूट मात्र तिकडेच घेऊन द्या. ओल्या चाळीच्या लाकडी जिन्यावर चपला चालायच्या नाहीत. बाबांच्या गुडघ्याचा एक्स-रे काढलात का? दादाला विचारलं तर तो 'बघू' म्हणाला. या आठवड्यात काढाच आणि मला फोटो पाठवा.

तुमची,
वैशू