गिऱ्हाईक परत पाठवणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

नाव लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नुसतं काकू. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातल्या मराठी मंडळींना ओळखायचं तर ती ओळखतीलच.

तुमच्यासारख्या जुन्या ट्रॅव्हल एजंटकडे येण्याआधी मी बऱ्याच जणांचे उंबरे झिजवले होते. प्रश्न साधा होता: घरातून सहली विकायच्या तर कॅलिफोर्नियात काय काय लागतं? टॅक्सवाल्याने एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढून दिली, फी घेतली आणि ‘झालं, आता करा सुरू’ म्हणाला. ‘घरबसल्या ट्रॅव्हल एजंट व्हा’ असा कोर्स विकणाऱ्या बाईंनी ठासून सांगितलं की अमेरिकेत याला लायसन्स-बियसन्स काही लागत नाही. मी पुन्हा विचारल्यावर त्यांच्या मेल बंदच झाल्या. ओळखीतल्या एका गृहस्थांचं म्हणणं, व्हॉट्सअॅपवर सहल विकणाऱ्याला नोंदणी नंबर कोण विचारतंय? हे सगळे स्वतःला जाणकार म्हणवणारे!

तुम्ही मात्र माझं पत्रक हातात घेतलंत आणि पहिलाच प्रश्न टाकलात, ‘अगं, सीएसटी नंबर कुठाय?’ सीएसटी म्हणजे कॅलिफोर्निया सेलर ऑफ ट्रॅव्हल, सहली विकणारा: त्यासाठी राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या, म्हणजे मुख्य सरकारी वकिलाच्या, ऑफिसात नोंदणी, तीही धंदा सुरू करायच्या किमान 10 दिवस आधी, दरवर्षी नूतनीकरण, आणि प्रत्येक जाहिरातीवर तो नंबर. एलएलसीचा याच्याशी काडीचा संबंध नाही, हे मला तुमच्या स्वयंपाकघरात कळलं. फॉर्म कसे भरले ते इथे उगाळत नाही, ज्याला हवं त्याने सरकारी साइटवर वाचावं. पण ट्रस्ट अकाउंटबद्दल तुम्ही जे बोललात ते अजून कानात आहे. ‘लोकांनी आगाऊ दिलेला पैसा विमान कंपनीला, हॉटेलला पोचेपर्यंत त्यांचाच असतो. तुझ्या घरभाड्याच्या खात्यात तो दिसता कामा नये.’ अख्खा कायदा कशासाठी आहे ते एवढ्यात समजलं.

मग नंबर येईपर्यंतचे ते दिवस. अलास्का क्रूझचा माझा ग्रुप तयार होता. बहुतेक सगळे मुलांकडे आलेले आई-वडील. कुठल्या बंदरावर किती चालावं लागेल, जेवणात शाकाहारी काय मिळेल, कुणाला खालच्या मजल्यावरची केबिन हवी, सगळं मी लिहून काढलेलं. आणि एक डॉलरही घेता येत नव्हता. लोकांची चुळबुळ सुरू झाली होती.

परवा त्यातल्याच एका आजोबांनी सहज सांगितलं, ‘आम्ही तर तेव्हाच चेक घेऊन काकूंकडे गेलो होतो. तुझं काही खरं दिसेना. पण त्यांनी घेतलाच नाही. म्हणाल्या, सहल तिने आखलीय, थोडं थांबा, तिलाच द्या.’

काकू, तुमची नोंदणी जुनी आहे, ट्रस्ट अकाउंट आहे, क्रूझ कंपन्यांशी ओळखी आहेत. तो ग्रुप घेतला असतात तर कुणी तुमच्याकडे बोट दाखवलं नसतं. मीसुद्धा नाही, मला तर कळलंही नसतं. कमिशन चांगलं होतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. वर एवढं करून मला एका शब्दाने बोलला नाहीत. आजोबांचं ऐकल्यावर मी गाडीत बसून रडले, हे तुम्हाला फोनवर सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून हे पत्र.

आपल्या नंबराशेजारी एक वाक्य छापतात ना, नोंदणी झाली म्हणजे राज्याने मान्यता दिली असं नव्हे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं होतं, एवढा खटाटोप करून वर हे! आता पटतं. सरकार पैसा वेगळ्या खात्यात ठेवायला लावू शकतं, सहल रद्द झाली तर परत द्यायला लावू शकतं. दुसऱ्याचं गिऱ्हाईक दारातून परत पाठवा, असं कलम कुठल्या राज्यात घालणार? माझ्या माहेरी गोव्यात तर पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा 1982 पासून आहे. तरी किनाऱ्यावर एकमेकांची गिऱ्हाइकं हाताला धरून ओढणारे मी लहानपणापासून पाहिलेत. तुमच्यासारखं माणूस क्वचित.

आभार मानले की तुम्ही विषय बदलता. म्हणून मीच बदलते. टँपाच्या नणंदेच्या मैत्रिणींना पुढच्या वर्षीची सहल माझ्याकडूनच हवी आहे. फ्लोरिडातल्या लोकांना विकायचं तर तिथली नोंदणी वेगळी, वर्षाला 300 डॉलर, आणि अर्ज चक्क कृषी खात्याकडे! संत्र्यांच्या शेजारी आपण. रविवारी कागद घेऊन येते. चहा मी करेन, तुम्ही फक्त चष्मा शोधून ठेवा.

तुमची,
फ्रीमाँटची नवी एजंट