आधी खेळ ठरवा, मग फळी कापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरच्या घरी आर्केड कॅबिनेट, म्हणजे उभ्याने खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेमचं कपाट, बांधण्याविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. लेख उत्साहाने लिहिलाय, फोटोही छान आहेत. पण ‘आठ दिशांची जॉयस्टिक आणि खेळाडूगणिक सहा बटणं घ्या, म्हणजे सगळे खेळ चालतील’ हा सल्ला वाचून मी कपाळाला हात लावला. अठ्ठावीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात आराखडे काढले आणि निवृत्तीनंतर भाच्याला हाताशी धरून असंच एक कॅबिनेट बांधलं. त्याचं पहिलं पॅनेल, म्हणजे जॉयस्टिक आणि बटणं बसवायची फळी, मी नेमकं याच सल्ल्यावर केलं होतं. ते आता माळ्यावर पडून आहे.

मला खेळायचं होतं ‘पॅक-मॅन’. नाम्को कंपनीचा १९८० सालचा हा खेळ. चक्रव्यूहात भुतांना चुकवत पिवळा गोळा फिरवायचा. चार दिशा, बस्स. खेळताना एकही बटण लागत नाही. आठ दिशांची जॉयस्टिक जरा तिरकी ढकलली गेली की खालचे दोन मायक्रोस्विच, म्हणजे दिशा ओळखणारे छोटे स्विच, एकदम दाबले जातात. वळणावर त्या पिवळ्या गोळ्याला ‘वर’ आणि ‘डावीकडे’ असे दोन हुकूम एकाच वेळी पोचतात. तो भलतीकडेच जातो, नाहीतर भिंतीला नाक लावून उभा राहतो आणि भूत मागून येऊन गाठतं. महिनाभर मी स्वतःलाच बोल लावत होते, वय झालं, हात चालत नाही म्हणून. शेवटी भाच्याने पॅनेल उलटं केलं, जॉयस्टिकच्या बुडाशी असलेली चौकोनी चकती काढून ४५ अंशांत फिरवून बसवली. चौकोनाचे कोपरे वर-खाली आणि डावी-उजवीकडे आले, तिरकी वाट बंद झाली. दहा मिनिटांचं काम. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा चौथी पातळी ओलांडली. (सगळ्याच जॉयस्टिकमध्ये ही सोय नसते. घेण्याआधी उलटी करून पाहावी.)

सहा बटणांचंही तेच. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’सारख्या मारामारीच्या खेळांना ती हवीतच, पण ‘स्पेस इन्व्हेडर्स’ला डावीकडे, उजवीकडे आणि गोळी, एवढंच लागतं. पॅनेलवर दोघांची मिळून बारा बटणं आली की पाहुण्याचा पहिला प्रश्न असतो, ‘यातलं कुठलं दाबू?’

पडद्याबद्दल तर लेखात एक ओळही नाही. पॅक-मॅनचं चित्र २२४ बाय २८८ ठिपक्यांचं, म्हणजे उभं. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आणि ‘डाँकी काँग’ही उभेच. आडव्या मॉनिटरवर ते मधल्या पट्टीत आक्रसून बसतात. म्हणून आम्ही घरातला जुना मॉनिटर ९० अंशांत फिरवून लावला. आता दुसरंच दुखणं. स्वस्तातल्या टीएन जातीच्या पडद्याचे रंग वरून किंवा खालून पाहिलं की बिघडतात. पडदा उभा केल्यावर तीच खोड डाव्या-उजव्या बाजूला आली. मला निळं दिसणारं भूत शेजारी उभ्या भाच्याला राखाडी दिसायचं. शेवटी बाजूने पाहिलं तरी रंग टिकवणारा आयपीएस जातीचा पडदा आणावा लागला.

लाकूडकामात मी तरबेज असेन असा माझा समज होता. १८ मिमी प्लायवूडच्या दोन बाजू साच्यावरून कापल्या आणि आडव्या फळ्या बसवायला राउटरने (लाकडात खाचा पाडायच्या यंत्राने) ६ मिमी खोल खाचा पाडल्या. जन्मभर दुसऱ्यांच्या नकाशांतल्या चुका लाल पेन्सिलीने खुणावल्या. इथे दोन्ही बाजू एकाच अंगाने पालथ्या ठेवून खाचा मारल्या. भाचा म्हणाला, ‘मावशी, दोन्ही डाव्याच झाल्या की गं!’ एकीला दुसऱ्या अंगाने नव्याने खाचा पाडल्या आणि बाहेर आलेल्या जुन्या खाचांत पट्ट्या, पुट्टी भरून रंग दिला. उन्हाची तिरीप पडली की त्या रेषा अजून दिसतात.

वायरिंगचा धसका मात्र उगाच घेतला होता. बटणाखालीही मायक्रोस्विचच असतो आणि त्याला बहुधा तीन टोकं असतात: ‘कॉम’ म्हणजे सामाईक, ‘एनओ’ म्हणजे दाबल्यावर जोडलं जाणारं आणि ‘एनसी’ म्हणजे दाबल्यावर तुटणारं. ‘कॉम’ लिहिलेली सगळी टोकं एका तारेत ओवायची आणि ‘एनओ’ची तार प्रत्येक बटणाची वेगळी काढायची. मी एकदा चुकून ‘एनसी’ला जोडली. स्पेस इन्व्हेडर्समधली तोफ बटणाला हात न लावताच सुटली आणि बटण दाबल्यावर गप्प झाली.

लेखातली एक सूचना मात्र वाचकांनी पाळू नये. ‘एकाच मुख्य स्विचने सगळं बंद करा’ असं त्यात आहे. आत रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक असेल, तर चालू असताना वीज तोडल्याने मेमरी कार्डावरच्या फायली बिघडू शकतात. आमचं एक कार्ड असंच गेलं. आधी संगणक रीतसर बंद करायचा, मग स्विच. आम्ही त्यासाठी मागच्या फळीवर वेगळं बटण दिलंय. १९९७ मध्ये निकोला साल्मोरिया यांनी सुरू केलेलं ‘मेम’ हे जुने आर्केड खेळ संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तरी त्यात चालणाऱ्या खेळांचे हक्क बहुतेक करून कंपन्यांकडेच असतात, हेही लेखात यायला हवं होतं.

शेवटी उंची. फळीला हात लावण्याआधी मी फ्रीजच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं अख्खं कॅबिनेट उभं केलं आणि आठवडाभर त्याच्यापुढे उभं राहून पुठ्ठ्याच्या पॅनेलवर हात टेकवून पाहिले. घरचे हसले. भाच्याला १००० मिमी सोयीचं, मला ९००. कोपर काटकोनात आणि खांदे सैल राहतील ते माप खरं. आम्ही ९४० वर तडजोड केली आणि माझ्यासाठी एक बुटकी फळी पायाखाली आली. आपल्या लेखासोबतच्या आकृतीत बटणांचे व्यास आहेत, रंगाच्या छटासुद्धा आहेत, फक्त पॅनेलची जमिनीपासूनची उंची नाही. पुढचा भाग छापणार असाल तर तेवढं माप घालावं, ही विनंती.

आपली,
ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेली एक वाचक