सारंगखेड्याच्या काकांना, त्या रुमालासाठी

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही, आणि नंबर घ्यायचा राहूनच गेला. दत्तजयंतीच्या यात्रेत सारंगखेड्याला घोडेबाजाराच्या कडेला तुम्ही खोगिरं आणि लगाम मांडून बसला होतात. तपकिरी चामड्याचं जुनं जॅकेट घेऊन आलेली भुसावळची बाई, ती मी. शहादा-दोंडाईचाकडच्या कुणी हे वाचलं, तर काकांना वाचून दाखवा, ही विनंती.

ते जॅकेट माझ्या बाबांचं. बाबा रेल्वेत गार्ड होते. १९८४ साली त्यांनी ते मुंबईच्या चोरबाजारातून जुनंच घेतलं, आणि मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून भुसावळ-इगतपुरीच्या थंडीतल्या कितीतरी रात्री त्याच्या जोरावर काढल्या. दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकाचं जॅकेट आहे, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. निवृत्तीनंतर ते पत्र्याखालच्या कपाटावर गेलं, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यांनी त्याचा पापड केला. यंदा मोठ्या दुखण्यातून उठल्यावर बाबांनी पहिल्यांदा काय मागितलं असेल, तर ते.

मी ते मोठ्या शहरातल्या एका नावाजलेल्या दुकानात दिलं. चार महिने त्यांनी ठेवून घेतलं. परत मिळालं तेव्हा बाहीची उसवलेली शिवण सोल्युशन लावून नुसती चिकटवलेली होती, आणि ते वाळून दगड झालं होतं. चेनीमागच्या पट्टीला कीड लागलीय, ठिगळ मारावं लागेल, वरून काळा रंग मारून घ्या नाहीतर सरळ नवीन घ्या, असं त्या माणसाने ऐकवलं. फोनवर बोलता बोलता, एका हाताने ते काउंटरवरून माझ्याकडे ढकललं. मला अजून राग येतो. काम जमलं नाही म्हणून नाही, त्या ढकलण्याचा.

दोन दिवसांनी शहाद्याला आत्याकडे जाताना यात्रेत थांबलो. जॅकेट गाडीतच होतं. तुमच्यासमोर ते काढलं, तेव्हा मला फारशी आशाही नव्हती.

तुम्ही आधी तांब्यातल्या पाण्याने हात धुतलेत. मग खांद्यावरचा रुमाल काढलात, झटकलात आणि समोरच्या धुळीत अंथरलात. धुतलेला, घडीच्या रेघा अजून दिसत असलेला पांढरा रुमाल. आणि म्हणालात, "आठे ठेव माय."

काका, तुमची स्वतःची विकायची खोगिरं ताडपत्रीवर होती. माझ्या बाबांचं चिकटवलेलं, कडक झालेलं जॅकेट तुमच्या रुमालावर. मला तिथेच रडू आलं होतं, घोड्यांकडे बघते आहे असं दाखवून मी मान वळवली.

सगळेजण घोड्याचं कातडं समजत होते, एकाने तर रेक्झीन ठरवलं. तुम्ही रवाळ दाण्यावरून अंगठा फिरवलात आणि सांगितलंत, "हाई बकरीनं कातडं शे, घोडानं नई." कॉलरची लव मेंढीची. पाठीला खांद्यांजवळ घड्या कशाला, तर हात पुढे केल्यावर पाठ ताणू नये म्हणून. हे तुम्ही नुसतं बघून सांगितलंत, आणि मग त्या किडीच्या भोकांवर बोट ठेवलंत. "किडा काय रांगमा चालस का माय? वाच बरं."

मी वाचलं. यू, एस, एन. ठिपक्या-ठिपक्यांनी पाडलेली इंग्रजी अक्षरं. अमेरिकेचं नौदल. त्यावर ठिगळ बसणार होतं! मानेपाशी आतल्या विटक्या पट्टीवर एमआयएल-जे-७८२३ आणि जी-१ एवढं लागलं. अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांच्या जॅकेटचा हा महायुद्धानंतरचा नमुना. म्हणजे बाबांची गोष्ट निम्मी खरी होती. वैमानिकाचंच, पण नौदलाच्या, आणि महायुद्धानंतरचं. महायुद्धात गाजलेलं अमेरिकी ए-२ जॅकेट १९३१ सालचं, त्याला ना लवेची कॉलर, ना पाठीला घड्या. बाबांना हे सांगितलं तर ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे हे समुद्र बघून आलंय."

सोल्युशन तुम्ही नखाने खरवडून काढलंत. आरीने नवीन भोक पाडलं नाहीत, मेण लावलेला दोरा जुन्याच भोकांतून दोन सुयांनी ओवत नेलात. गिऱ्हाईकं येऊन लगामाचा भाव विचारत होती, त्यांना थांबवलंत. मी रंगाचं विचारलं, तर कोपरावरच्या फिक्या डागाकडे बोट दाखवून म्हणालात, हा तुझ्या बापाने घातलेला रंग आहे, मी कशाला झाकू? आणि शेवटी तीनशे रुपये. मी पाचशे पुढे केले, तर दोनशे परत माझ्याच मुठीत.

माणूस चांगला आहे हे मोठ्या कामातून कळतं असं मी समजत होते. पण ज्याला आपल्याकडून काही मिळायचं नाही, तो आपली वस्तू कशी हातात धरतो, तेवढ्यावरही कळतं. अशी माणसं आपल्या खान्देशात आहेत, बाजारात धुळीत बसलेली आहेत, आणि त्यांच्या नावाची पाटी कुठे नाही.

हातांच्या आणि कमरेच्या लोकरीच्या पट्ट्या कुजल्या होत्या, त्या इथल्या स्वेटर विणणाऱ्या ताईंनी करून दिल्या. आता रोज सकाळी बाबा ओट्यावर चेन गळ्यापर्यंत लावून बसतात. शेजारच्या पोरांना यू, एस, एन वाचायला लावतात.

पुढच्या दत्तजयंतीला त्यांना घेऊन येते. एक रुमालही आणणार आहे. तुमच्या त्या रुमालाला आमच्या जॅकेटचा तपकिरी डाग पडलेला मी निघताना बघितला होता.

तुमची,
भुसावळची लेक