कुळागराचे कागद

फोंडा

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

चवथीला तू घरी होतीस तेव्हा पपांनी आपल्या पोफळीच्या बागेचे, कुळागराचे कागद कपाटातून काढून टेबलावर ठेवले होते. ते तू पाहिलेस आणि त्या दिवसापासून परदेशाचं नाव काढलं नाहीस. परवा फोनवर म्हणालीस, "आई, मी इथेच काहीतरी बघते." तुझ्या मनातच इथे राहायचं असेल तर मला आनंद आहे. पण आपल्या पोफळी गहाण पडतील या धास्तीने मागे फिरत असशील, तर मला ते मान्य नाही. फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून लिहायला बसले.

पतसंस्थेत इतकी वर्षं मी कर्जाची प्रकरणं तपासते आहे. मुलाच्या परदेशी शिक्षणापायी घर तारण ठेवलेले आईबाप माझ्यासमोर बसतात. ती बहुतेक सगळी मास्टर्सची प्रकरणं असतात. पपा ज्या सल्लागाराकडे गेले, त्यानेही मास्टर्सचाच हिशेब मांडला, पस्तीस लाखांचा. तू एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहेस आणि तुला पीएचडी करायची आहे, हे त्याने विचारलंच नाही. पपांना तो फरक ठाऊक नव्हता. मलाही नव्हता. गेला महिनाभर रात्री जेवणं आटोपली की मी शिष्यवृत्त्या आणि पीएचडीच्या जागा देणाऱ्या संस्थांची माहिती वाचते आहे, अटींसकट. अटी वाचणं हे माझं रोजचंच काम.

युरोपातल्या बऱ्याच देशांत विज्ञानातली पीएचडी म्हणजे नोकरी असते. जागेची जाहिरात निघते, मुलाखत होते, करार होतो आणि दर महिन्याला पगार. जर्मनीच्या जाहिरातींत पुष्कळदा पूर्ण पगाराच्या ६५ टक्के असं लिहिलेलं असतं. ते वाचून बिचकू नकोस, एकट्या मुलीचं त्यात भागतं. अमेरिकेत चांगली विद्यापीठं फी माफ करतात आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनातल्या मदतीच्या कामाबद्दल विद्यावेतन देतात. जर्मनीची डाड ही संस्था तर १९२५ पासून शिष्यवृत्त्या देते आहे. तेव्हा पीएचडीच्या प्रवेशासाठी कोणी लाखांत पैसे मागितले, तर तिथून उठून यायचं.

युरोपच्या मारी क्युरी नावाच्या पीएचडी जागांची एक अट मी दोनदा वाचली. ज्या देशात जागा आहे, तिथे उमेदवार मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेला नसावा. गोव्याबाहेर कधी राहिले नाही म्हणून तू खंत करतेस ना? या अटीपुरते तुला तिथले सगळे देश खुले आहेत. या जागा युरॅक्सेस या संकेतस्थळावर निघतात, दर आठवड्याला बघत जा.

काही नावांवर वेळ घालवू नकोस. ब्रिटनची चीव्हनिंग शिष्यवृत्ती एक वर्षाच्या मास्टर्ससाठी आहे आणि २,८०० तासांचा कामाचा अनुभव मागते. टाटांची जे. एन. टाटा एंडाउमेंट १८९२ पासून मुलांना परदेशी पाठवते, मोठं काम आहे ते. पण ती कर्ज-शिष्यवृत्ती आहे, फेडावी लागते. नावात शिष्यवृत्ती दिसली तरी खाली 'परतफेड' शब्द आहे का ते आधी बघायचं.

आणि नेट परीक्षेचा अभ्यास सोडू नकोस. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिना ३७,००० रुपये मिळतात. इथे पीएचडीला नाव घालूनही बाहेर जाता येतं. अमेरिकेला जाण्यासाठी फुलब्राइट-नेहरूची सहा ते नऊ महिन्यांची फेलोशिप खास अशाच मुलांसाठी आहे, आणि समुद्रविज्ञानात पोगो-स्कॉर या आंतरराष्ट्रीय संस्थांची एक ते तीन महिन्यांची. तो कमीपणाचा रस्ता नाही.

आता तुझ्या पत्रांबद्दल. बारा प्राध्यापकांना एकच मजकूर पाठवलास आणि कोणाचंच उत्तर आलं नाही म्हणून आपली तेवढी पात्रता नाही असं ठरवून मोकळी झालीस. बाय, माझ्या टेबलावर अर्ज येतात तेव्हा एजंटाने भरलेला कोणता आणि स्वतः बसून लिहिलेला कोणता, हे मला पहिल्या दोन ओळींत कळतं. त्यांनाही कळत असणार. त्यांचा एक शोधनिबंध नीट वाच, त्यात तुला पडलेला प्रश्न लिही, आणि तो प्रश्न तुझ्याच मनात का आला ते लिही.

ते तुझ्याइतकं कोणाला सांगता येईल? माझं माहेर बोरीचं. लहानपणी तू आजोबांबरोबर खाडीकाठच्या खाजन शेतीच्या बांधावरून मानस, म्हणजे पाण्याची झडप, आहे तिथपर्यंत जायचीस. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने मानशीची दारं मिटतात आणि ओहोटीला उघडून शेतातलं पाणी बाहेर जातं, हे तू शाळेत शिकली नाहीस. बांध फुटून खारं पाणी भातात शिरलं, त्या वर्षी आजोबा किती दिवस कोणाशी बोलले नव्हते, तेही तू पाहिलंस. तुझ्या मसुद्यात मात्र "मला लहानपणापासून समुद्राची आवड आहे" एवढंच आहे. ते वाक्य काढ. मानस लिही, बांध लिही. बांधाकडेच्या खारफुटीचं तू ताळगावच्या प्रयोगशाळेत काय मोजतेस, ते लिही.

अमेरिकेच्या बऱ्याच अर्जांची मुदत डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपते. शिफारसपत्रासाठी सरांना आत्ताच विचार, निदान महिनाभर त्यांच्या हातात राहू दे. ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे विद्यापीठाच्या गुणपत्रकाचा अर्जही याच आठवड्यात टाक. अर्जाची फी जड वाटली तर माफीसाठी लिहून विचारायचं. त्यात लाज कसली?

खर्च अजिबात नाही असं मी म्हणत नाही. तिकीट, व्हिसा, खोलीची अनामत, आणि पहिला पगार हातात येईपर्यंतचा महिना. त्यासाठी तुझ्या नावाने मी भरत आलेलं आवर्ती खातं आहे. उणं पडलं तर गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज घेऊ, ते फेडणं तुला झेपेल. हे सगळं मी पपांना कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी दोनदा बेरीज केली, काही बोलले नाहीत, आणि कुळागराचे कागद परत कपाटात ठेवले.

रविवारी घरी येताना मसुदा घेऊन ये. मामाला सांगून ठेवलंय, ओहोटीची वेळ बघून तो आपल्याला मानशीवर नेईल. तुला तिथलं काही मोजायचं असेल तर सामान बरोबर आण.

तुझी
आई